चुकलेलें नाणें

कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या यांच्या योगानें आमच्या राजूरच्या वाटा कोठें काळ्या तर कोठें पांढऱ्या झालेल्या आहेत. येथील बाजारांत हातीं येणारें नाणेंहि बहुधा या दोहोंपैकीं एका रंगाची पूड अंगास लावूनच येतें. त्यामुळें नाणें न पाहतां खिशांत टाकण्याची संवय आम्हां सर्वांस जडली आहे. गेल्या हिंवाळ्यांत एका बाजाराच्या दिवशीं ही संवय मोडण्याचा प्रसंग आम्हांवर आला. त्याची हकीकत विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून ती येथें देत आहों.

एका वृद्ध भाजीवालीपासून आम्हीं अंबाडीची जुडी व थोड्या मिरच्या घेतल्या. पांच रुपये परत यावयाचे होते. तिनें चंचींतून एक नाणें काढलें, तळहातावर उलटसुलट केलें, आणि ती संकोचून म्हणाली, "मास्तर, हे तुमाले चालते का? सकाळपासून तिघायनं वापस देलं. किराणावाला तं म्हणे, बुढे, तूच कापलं असशीन."

पाहतों तों नाण्याच्या कडेचा चंद्रकोरीसारखा तुकडा नाहींसा झालेला. जणूं उंदरानें भाकरीची कड कुरतडावी तसा. "चालतें, आजी," असें म्हणून आम्हीं तें खिशांत टाकलें, आणि पांच रुपयांचा परोपकार केला म्हणून मनांतल्या मनांत थोडे फुगलोंहि.

रात्रीं तें नाणें धुवून भिंगाखालीं धरलें, तेव्हां मात्र आमची फुशारकी जिरली. तें कोणीं कापलेलें नव्हतें; टाकसाळींतूनच तें तसें बाहेर पडलें होतें. अशा नाण्यास संग्राहक लोक दर्शनी किंमतीहून अधिक दाम देतात. म्हणजे ज्यास आम्ही आमचा परोपकार समजत होतों, तो वस्तुतः आमचा लाभ होता. आणि जिला तिघांनीं खोटी ठरविलें, ती म्हातारी खरी होती. हें आम्हीं कशावरून ओळखलें तें आधीं सांगतों. नाण्याचें व म्हातारीचें पुढें काय झालें तें शेवटीं येईल.

चूक ओळखावयाची तर बिनचूक वस्तु कशी होते तें प्रथम ठाऊक पाहिजे. आपल्या देशांत आज चार सरकारी टाकसाळी आहेत. मुंबईची टाकसाळ १८२४ ते १८३० या काळांत बांधली गेली. हैदराबादची निजामाच्या राजवटींत १९०३ सालीं सुरू झाली व १९९७ सालीं शहराबाहेर चेर्लापल्लीस गेली. कोलकात्याची हल्लींची टाकसाळ अलिपूर येथें १९५२ सालीं उघडली, आणि नोएडाच्या टाकसाळींतून १९८८ पासून नाणीं निघूं लागलीं. नाण्यावर सालाच्या खालीं बारकाईनें पाहिल्यास त्याचें जन्मस्थान कळतें. तिरका चौकोन असल्यास मुंबई, तारा असल्यास हैदराबाद, वाटोळा ठिपका असल्यास नोएडा, आणि कांहींच खूण नसल्यास कोलकाता. आमच्या एका विद्यार्थ्यानें खूण नसलेला रुपया "चुकलेला" म्हणून मोठ्या आनंदानें आणला होता. तो बिचारा कोलकात्याचा सरळमार्गी रुपया होता.

आतां कृति पाहूं. धातूची लांब पट्टी लाटून तिच्यांतून यंत्रानें गोल चकत्या पाडतात. दिवाळींत आई मोठी पोळी लाटून वाटीनें पुऱ्या पाडते, तसाच हा प्रकार. मग त्या कोऱ्या चकत्या भट्टींत तापवून मऊ करतात, धुतात, आणि फिरत्या चाकाच्या खोबणींतून लोटून त्यांची कड किंचित् उचलतात. शेवटीं चकती दोन ठशांच्या मध्यें येते. एक ठसा वर, एक खालीं, आणि भोंवतीं चकतीस पसरूं न देणारें पोलादी कडें. एका ठोक्यांत दोन्ही बाजू उमटतात व कडहि आकारास येते. हें काम मिनिटास शेंकडों नाण्यांच्या वेगानें चालतें. तेव्हां क्वचित् एखादें नाणें चुकलें तर नवल नाहीं. तपासनिसाच्या दृष्टींतून तें निसटून आपल्या बाजारापर्यंत येतें, हेंच नवल.

यावरून चुकांचीं तीन घरें आपोआप ठरतात. कांहीं चुका चकतीच्या, कांहीं ठशाच्या, व कांहीं ठोक्याच्या.

चकतीची चूक म्हणजे आमच्या म्हातारीचें नाणें. आईची वाटी आधींच्या भोकावर थोडी चढली, तर त्या पुरीस चंद्रकोरीएवढी खोट येते. टाकसाळींतहि पट्टी पुरेशी पुढें सरकली नाहीं कीं असेंच होतें. परंतु कानस लावून अशी कोर कोणासहि पाडतां येईल. मग खरी कोणती व बनावट कोणती? त्याच्या परीक्षा सोप्या आहेत. पहिली, तशाच दुसऱ्या नाण्याची कड त्या कोरींत ठेवून पाहावी. मूळ खोट वाटोळ्या भोकाची असल्यामुळें कड तींत बहुधा नीट बसते. दुसरी, कोरीच्या अगदीं समोरची कड पाहावी. चकतीची कड उचलतांना खोटेच्या जागीं दाब बसत नाहीं, म्हणून समोरच्या बाजूसहि तो पडत नाहीं व तेथील कड बोथट राहते. कानस लावणाऱ्यास ही समोरची बोथट कड मागाहून घडवितां येत नाहीं. तिसरी, कोरीजवळचीं अक्षरें पाहावीं. ठोक्यानें धातु रिकाम्या जागेकडे वाहिलेला असल्यामुळें तीं किंचित् ओढल्यासारखीं दिसतात. चौथी, वजन करावें. २०११ च्या घाटाचें पांच रुपयांचें पिवळें नाणें २३ मिलिमीटर रुंद व ६ ग्रॅम वजनाचें असतें. आमचें नाणें सोनाराच्या कांट्यावर साडेपांच ग्रॅमांच्या किंचित् वर भरलें. आणि बाकीच्या तिन्ही परीक्षांस तें उतरलें.

ठशाच्या चुका ओळखण्यास एकच सूत्र पाठ करावें: उंचवटा टाकसाळीचा, खड्डा जगाचा. ठशास तडा गेला तर ठोक्याच्या वेळीं धातु त्या तड्यांत शिरतो, आणि नाण्यावर उंच रेघ उठते. ठशाचा तुकडा उडाला असल्यास नाण्यावर निराकार गांठ येते. याच्या उलट, खिळ्यानें वा दगडानें पडलेली रेघ नाण्यांत खोल जाते. नख फिरवून पाहिलें तरी हा भेद कळतो. कधीं ठशाच्या अक्षरांत वंगण व धूळ भरून अक्षर उमटत नाहीं. परंतु अक्षर झिजूनहि जातें, म्हणून शेजारी पाहावें. झिजेनें सर्वच उंच भाग सारखे गुळगुळीत होतात. वंगणानें एक अक्षर नाहींसें होतें आणि त्याच्या शेजारचें धारदार राहतें.

फिरलेला ठसा ही आणखी एक चूक, आणि मुलांनीं स्वतः शोधण्याजोगी. सिंहमुद्रा उभी राहील असें नाणें धरून वरच्या कडेस तर्जनी व खालच्या कडेस अंगठा लावावा, आणि पुस्तकाचें पान उलटावें तसें तें फिरवावें. मागील अंकहि उभाच दिसला पाहिजे. तो आडवा किंवा उलटा दिसला तर ठसा यंत्रांत फिरला होता असें समजावें. किंचित् कलणें मात्र नेहमींचेंच. त्याचा गाजावाजा करूं नये.

ठोक्याच्या चुका सर्वांत चमत्कारिक. चकती मध्यावर नसली तर चित्र एका अंगास सरकतें व दुसऱ्या अंगास कोरी जागा राहते. कडें जागेवर नसलें तर नाणें मर्यादेबाहेर पसरतें. आणि आधींचें नाणें ठशास चिकटून राहिलें, तर पुढच्या चकतीवर ठशाऐवजीं त्या नाण्याचाच छाप बसतो. मग एका बाजूस सरळ उठावाची मुद्रा, आणि दुसऱ्या बाजूस तीच मुद्रा आरशांतल्याप्रमाणें उलटी व खोल. अशा नाण्यास आपल्याकडील संग्राहक 'लाखी' म्हणतात. लाखांत एखादेंच निघतें, असा त्या नांवाचा भाव.

एवढें आम्हीं वर्गांत सांगितलें मात्र, आणि आठवड्याच्या आंत आमच्या मेजावरील डबा भरला. त्यांतील नाण्यांनीं आम्हांस टाकसाळीपेक्षां राजूरचाच इतिहास अधिक सांगितला. एक रुपया भट्टीच्या आंचेंत सांपडून निळा-तांबडा झालेला. दोन नाणीं चुन्यानें खाऊन खरखरीत. एकास गळ्यांत बांधण्याकरितां भोक पाडलेलें. एक नाणें दोन्ही बाजूंस छापा असलेलें; त्याच्या कडेस बारीक सांधा दिसला, म्हणजे कोणा जादूगारानें दोन नाणीं कोरून जोडलेलीं. आणि तीन नाणीं पापडासारखीं पातळ, लांबट, अक्षरें पुसट झालेलीं. तीं कोठलीं हें आणणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरून कळलें. कोळशाच्या गाडीच्या रुळावर नाणें ठेवून चाकाखालीं चेपविण्याचा खेळ आम्हांस ठाऊक आहे. मुलांनो, यांत नाणें तर जातेंच, पण पायहि जाऊं शकतो. शिवाय नाणें वितळविणें वा नष्ट करणें हा २०११ च्या नाणेविषयक कायद्यानें अपराध आहे. त्या साऱ्या डब्यांत खरी चूक एकाच नाण्यावर होती: एका दोन रुपयांच्या नाण्यावर ठशाच्या तड्याची केंसाएवढी उंच रेघ. बाकीच्या सर्व जखमा होत्या. जन्मखूण ती एकच.

तेव्हां एका हुशार विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, आजोबांच्या देवघरांतील शिवराईवर अक्षरें अर्धींच आहेत. तीहि चुकलेली का?" प्रश्न चांगला होता. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्र पति' अशीं अक्षरें असतात; पण पुष्कळ शिवरायांवर तीं पुरतीं सांपडत नाहींत. तीं नाणीं हातानें ठोकलेलीं. ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळें ज्या भागावर घाव बसे तेवढाच उमटे. तेथें एक नाणें दुसऱ्यासारखें असावें अशी अपेक्षाच नव्हती, म्हणून त्या अपुरेपणास चूक म्हणतां येत नाहीं. सर्व नाणीं हुबेहूब एक करावयाचीं असें यंत्रानें ठरविल्यानंतरच चूक या शब्दास अर्थ आला.

याच्या उलट गैरसमज दहा रुपयांच्या नाण्याविषयीं झाला. पितळी रंगाचें कडें व मध्यें पांढरी चकती असें हें दोन धातूंचें नाणें २७ मिलिमीटर रुंद व ७.७१ ग्रॅम वजनाचें असतें. त्याच्या कांहीं प्रकारांवर पंधरा रेषा व कांहींवर दहा; कांहींवर रुपयाचें नवें चिन्ह, तर २०१० सालीं तें चिन्ह ठरण्यापूर्वींच्या नाण्यांवर तें नाहीं. एवढ्यावरून "अमक्या रेषांचें खोटें" अशी आवई उठली, आणि कित्येक गांवीं गोरगरिबांच्या कमाईचीं नाणीं दुकानांतून परत येऊं लागलीं. रिझर्व्ह बँकेनें २०१६ च्या नोव्हेंबरांत व पुन्हां १७ जानेवारी २०१८ रोजीं खुलासा केला कीं, तोंवर निघालेले चौदाहि घाट खरे व चलनांतले आहेत. २०२० पासून वीस रुपयांचें बारा कोनांचें नाणेंहि आलें आहे. कोन पाहून त्याससुद्धां कोणी बिचकूं नये. घाट वेगळा म्हणजे नाणें चुकलेलें नव्हे, आणि खोटें तर मुळींच नव्हे.

अज्ञानानें खरें नाणें खोटें ठरतें, तसें लोभानें साधें नाणें सोन्याचें ठरतें. याचें उदाहरण लिहितांना आम्हांस वाईट वाटतें. आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील भट्टीवर मजुरी करतात. "तुमच्या जुन्या नाण्यास पांच लाख देतों, आधीं नोंदणीची रक्कम पाठवा," असें त्यांना मोबाईलवर कोणा अनोळखी माणसानें सांगितलें. त्यांनीं सहा दिवसांची मजुरी पाठविली. मग कराच्या नांवाखालीं आणखी मागणी आली, तेव्हां ते नाणें फडक्यांत बांधून आमच्याकडे आले. तें पांच रुपयांचें जुनें जाड नाणें होतें, नऊ ग्रॅमांचें. घरोघर सांपडतें तसलें. आम्हीं तें भिंगाखालीं फार वेळ धरलें. खरें सांगावयाचें तर त्यांच्याकरितां एखादा तडा, एखादी गांठ निघावी अशी आम्हांसच आशा लागली होती. कांहीं निघालें नाहीं. "काहीच नाही का, गुरुजी?" असें त्यांनीं दोनदां विचारलें. मुलगा शेजारीं उभा राहून जमिनीकडे पाहत होता. जुनीं नाणीं व नोटा विकण्याच्या अशा व्यवहारांशीं आपला संबंध नाहीं व आपण त्याकरितां शुल्क मागत नाहीं, असा इशारा रिझर्व्ह बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजींच दिला होता. तो आम्हीं त्यांस वाचून दाखविला, व दुसरी रक्कम वांचली. पहिली गेली ती गेलीच. पालकांनीं एवढें पक्कें ध्यानांत धरावें कीं, जो खरेंच विकत घेतो तो पैसे देतो, मागत नाहीं.

आतां म्हातारीच्या नाण्याविषयीं. तें आमच्या कपाटांत होतें, आणि मन मात्र स्वस्थ नव्हतें. आम्हीं तें फसवून घेतलें नव्हतें हें खरें. घेतांना आम्हांसहि त्याची योग्यता ठाऊक नव्हती. पण आतां ठाऊक होती व तिला ठाऊक नव्हती, हा फरक दिवसेंदिवस जड होऊं लागला. एका परिचित संग्राहकास विचारलें, तेव्हां दोनशें रुपये मिळतील असें कळलें. लाख नव्हेत, हजारहि नव्हेत. पण टोपलीभर भाजीवर बसणाऱ्या बाईस दोनशें रुपये कांहीं थोडे नाहींत.

पुढच्या बाजारीं आम्हीं तिला सर्व समजावून सांगितलें. पैशाची गोष्ट तिनें नीट ऐकलीच नाहीं. ती म्हणाली, "म्हंजे ते नाणं खरं होतं?" आम्ही "होय" म्हणालों. "मंग मास्तर, येवढं त्या किराणावाल्याले सांगसान का? चार मानसांत मले बोलला तो."

आम्ही तिच्यासह त्या दुकानीं गेलों. दुकानदाराच्याच गल्ल्यांतील पांच रुपयांचें एक नाणें मागून घेतलें व त्याची कड कोरींत ठेवली. ती नीट बसली. मग भिंग देऊन समोरची बोथट कड दाखविली. त्यानें पुष्कळ वेळ पाहिलें. गिऱ्हाइकेंहि भोंवतीं जमलीं. शेवटीं तो म्हणाला, "चुकलं माझं, आजी." म्हातारीनें पदर सांवरला व कांहीं न बोलतां मान हलविली. बाहेर आल्यावर आम्ही पाकिटांतून दोनशें रुपये काढूं लागलों, तेव्हां मात्र ती हंसून म्हणाली, "देता तं नोटाच द्या, मास्तर. नाण्यायचं काई खरं नाई."

तें नाणें आतां शाळेच्या कपाटांत एका डबींत ठेवलें आहे, व शेजारीं भिंग. ज्या विद्यार्थ्यास पाहावयाचें असेल त्यानें मधल्या सुटींत यावें. येतांना घरचें एखादें संशयित नाणें आणल्यास हरकत नाहीं. मात्र तें घांसूं नये, चिंचेनें उजळूं नये, आणि तपासण्यापूर्वीं कोणास तें खोटें आहे असें सांगूं नये.